स्वस्तातला सँडर आणि ओटीवरचा झोपाळा

कोकणात घरातल्या लाकडाला हात लावायचे मोसम दोन. एक गणपतीच्या आधीचा, ज्यात सगळे लावतात. आणि एक दिवाळीनंतरचा, ज्यात लावायला हवा. गणपतीच्या आधी हवा इतकी ओली असते की दारं चौकटीत अडकून बसलेली असतात, मिठाच्या बरणीत पाणी सुटलेलं असतं, आणि घासलेल्या लाकडावर पॉलिश मारलं तर ते पांढुरकं पडतं. पॉलिशमधलं स्पिरिट उडताना लाकडाचा वरचा थर गार होतो आणि हवेतली वाफ तिथेच बसते, एवढं साधं कारण. भात झोडून झालं, खळं सारवलं, सकाळी अंगाला गारवा लागायला लागला की मग सँडर, म्हणजे लाकूड घासायचं विजेवरचं मशीन, बाहेर काढायचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्च-एप्रिलही चालतो, पण मे महिन्याच्या घामात मास्क लावून दोन तास काम करून बघा, पुढच्या वर्षी आपोआप डिसेंबर आठवेल.

माझं शिक्षण झालं ते एका उसन्या बेल्ट सँडरवर. माजघराचं जुनं सागवानी दार, त्यावर काळवंडलेलं वॉर्निश. पट्टा फिरायला लागला, मशीन हातातून पुढे पळायला लागलं, मी घाबरून ते जागच्या जागी धरून ठेवलं. दोन सेकंद, फार तर तीन. दारावर तळहाताएवढा खोलगट डाग पडला तो कायमचा. डोळ्यांना आता दिसत नाही, पण अंधारात दार लोटताना बोटांना बरोबर लागतो. वाडीतले सुतारकाका बघायला आले, दारावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, "वैनी, दाबतास कित्याक? मशिनीचा वजान पुरे."

कुठला घ्यायचा

हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन चार प्रकार दिसतील. बेल्ट सँडर पहिल्यांदा घेणाऱ्याने घेऊ नये. कारण वर सांगितलं. इस्त्रीच्या आकाराचा छोटा त्रिकोणी सँडर खिडकीच्या कोपऱ्यांत, खुर्चीच्या गजांमध्ये शिरतो, पण अख्खं दार त्याने घासायला बसलात तर शिमगा येईल. चौकोनी, ज्याला साधा कागद कापून चिमट्यात अडकवतात, तो सगळ्यात स्वस्त. त्याचा एक मोठा गुण म्हणजे कुठलाही पॉलिश पेपर चालतो. मोठ्या कागदाचा चौथा किंवा तिसरा हिस्सा कापायचा, लावायचा. काम मात्र हळू होतं.

चौथा गोल, १२५ मिलिमीटरच्या तव्याचा, म्हणजे कागद जिथे चिकटतो त्या गोल बुडाचा. दुकानात 'रँडम ऑर्बिटल' म्हणून मागायचा. घरकामासाठी एकच घ्यायचा असेल तर हा. साधारण ३०० वॅटची मोटर आणि दीड किलोच्या आसपास वजन असतं. साध्या कंपनीचा दोन ते तीन हजारांत येतो. याचा तवा एकाच वेळी दोन हालचाली करतो: एक बारीक थरथर, मिनिटाला दहा-बारा हजार वेळा, आणि दुसरं म्हणजे तव्याचं स्वतःभोवती सावकाश फिरणं. या दोन्ही एकमेकींत मिसळल्यामुळे एकाच जागी एकाच दिशेचा ओरखडा पडत नाही. म्हणून याला लाकडाच्या रेषेची फारशी फिकीर करावी लागत नाही.

महागड्या आणि स्वस्त मशीनमध्ये फरक आहेच. स्वस्ताचा आवाज जास्त, हाताला मुंग्या जास्त, धूळ धरणारी पिशवी जवळजवळ शोभेची, आणि बहुतेकांना तव्याला हवेत सुसाट फिरू न देणारा ब्रेक नसतो. पण वर्षाला एक दार, दोन पाट आणि एक झोपाळा एवढंच काम असेल तर हे सगळं चालून जातं. घेताना तीन गोष्टी बघा. वेग कमी-जास्त करायची चकरी हवी. तव्याला भोकं हवीत, बहुधा आठ असतात. आणि बॉक्समध्ये कार्बन ब्रशची, म्हणजे मोटरमध्ये झिजणाऱ्या छोट्या ठोकळ्यांची, जादा जोडी असेल तर देवाचे आभार माना, कारण आपल्याकडे तालुक्याच्या गावाला त्या मापाचे ब्रश मिळतील याची खात्री नाही.

खरा खर्च कागदाचा

हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर मागा किंवा 'पोलीस पेपर' मागा, हातात तोच येतो. पण गोल सँडरला साधा कागद चालत नाही. मागे वेल्क्रो असलेली, भोकांची गोल चकती लागते, आणि चकतीची भोकं तव्याच्या भोकांवर बसलीच पाहिजेत. बसली नाहीत तर धूळ ओढली जात नाही, चकती तापते, आणि तव्याचे वेल्क्रोचे बारीक आकडे वितळतात. मग चकती टिकत नाही आणि लोक म्हणतात मशीन खराब निघालं.

नंबर जितका लहान तितका दाणा जाड. ८० च्या कागदावरचा दाणा साधारण ०.२ मिलिमीटरचा असतो, १२० चा ०.१२५ मिलिमीटरच्या आसपास, १८० चा त्याहून बारीक. घरात चार नंबर पुरतात: ६०, ८०, १२०, १८०. पैकी ६० फक्त जाड रंग किंवा वॉर्निश काढायला. लाकूड उघडं झालं की ८०. मग १२०, मग १८०. मधला नंबर गाळायचा नाही. १२० चं काम हे ८० ने पाडलेले ओरखडे पुसायचं. ते न करता ८० वरून थेट १८० वर उडी मारली तर १८० ला ते ओरखडे पेलत नाहीत. कोरड्या लाकडावर ते दिसत नाहीत. पॉलिशचा पहिला हात फिरला की मात्र पोराने खिळ्याने गिरगिटल्यासारखे उठून येतात.

पांढरट रंगाचा, साबणासारखा गुळगुळीत लेप असलेला कागद जरा महाग असतो, पण रंगावर आणि चिकट लाकडावर तोच घ्या. त्यात भुसा अडकून बसत नाही. एक चकती साधारण पंधरा-वीस रुपये धरा, आणि झिजली की टाकून द्या. झिजलेल्या कागदाने घासणं म्हणजे बोथट विळीवर नारळ खवणं. माणूस दाबायला लागतो आणि सगळी वाट तिथेच लागते. मशीनला अडीच हजार घातलेत ना, मग चकत्यांना पाचशे घालताना हात आखडू नका.

आधी लाकडावर काय आहे ते बघा

ही पायरी लोक गाळतात आणि मला वाटतं हीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

जुन्या घरांतली निळी, हिरवी तेलरंगातली दारं-खिडक्या. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशावर मर्यादा घालणारा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, कमाल मर्यादा लागू झाली. म्हणजे त्याआधी मारलेल्या रंगात शिसं असू शकतं. अशा रंगावर सँडर चालवला की शिशाची धूळ घरभर होते, आणि ओटीवर रांगणाऱ्या पोराच्या पोटात ती सगळ्यात आधी जाते. जुना रंग असेल तर मशीन बाजूला ठेवा. रंग ओला करून खरवडणीने काढा, उरलेला वॉटर पेपरने पाणी मारत हाताने घासा, खाली प्लास्टिक अंथरा आणि निघालेला गाळ त्यातच गुंडाळा. गरोदर बाई आणि लहान मुलं त्या दिवशी दुसरीकडे. लाकूड पूर्ण उघडं होऊन वाळलं की मग सँडर.

दुसरी गोष्ट खास आपल्याकडची. वाळवी लागू नये म्हणून वाशांना, खांबांना, कधी चौकटींच्या मागच्या बाजूला काजूच्या टरफलांचं तेल लावायची पद्धत होती. काळपट, कडक, डांबरासारखा थर दिसला तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. हे तेल कातडी जाळतं, हे काजू फोडणाऱ्या बायकांचे हात बघितलेल्याला सांगायला नको. त्याचा भुसा घामेजल्या मानेवर बसू द्यायची माझी तरी तयारी नाही. तसले वासे मी घासत नाही. ते तसेच शोभतात.

तिसरं, प्लायवूड. वरचं सागवानी व्हिनीअर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं. तिथे १८० ची चकती, सगळ्यात कमी वेग आणि एकच फेरा. शक्यतो हातानेच घासा.

खिळे तपासा. वर आलेला खिळा पंचने आत ठोका किंवा उपटा. चकती तर फाटतेच, ठिणगीही उडते आणि पिशवीत कोरडा भुसा असतो.

वीज, नाक, कान

मशीनला बहुधा दोनच पिना असतात. चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते दुहेरी आवरणाचं, अर्थिंग न लागणारं. पण याचा अर्थ ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून चालवावं असा नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच, बसवलेला असेल तर उत्तम, नसेल तर इलेक्ट्रिशियनला एकदा बोलावाच. एक्स्टेंशनची वायर पूर्ण उलगडून वापरा. संध्याकाळी गावातलं व्होल्टेज पडतं तेव्हा मोटर रडक्या आवाजात चालते आणि तापते. मी सकाळी नऊ ते बारा एवढंच काम करते.

लाकडाची धूळ म्हणजे काही चंदन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच तिला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं. तोंडाला पंचा बांधून भागत नाही, एन-९५ मास्क लावा. कानात बोळे, डोळ्यांवर चष्मा. मशीनच्या पिशवीवर विसंबू नका. घरी व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याची नळी मशीनच्या धूळ बाहेर पडणाऱ्या तोंडाला जोडा. माप जुळणार नाही, कधीच जुळत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा दोन्हीवर ताणून चढवायचा, वरून चिकटपट्टी. वर्षानुवर्षं टिकतो.

झोपाळा

आता प्रत्यक्ष काम. पहिल्यांदा करायला झोपाळ्याची फळी सगळ्यात चांगली. सपाट, जाड, दोन माणसांनी उचलता येते, आणि चुकलं तर उलटी करून टांगता येते. आमची फणसाची आहे, सहा फूट बाय दोन फूट.

कड्या आणि साखळ्या सोडवा. पितळी कड्या चिंचेच्या कोळात टाकून द्या, तोवर त्यांचं काम आपोआप होतं. फळीवर तीस-चाळीस वर्षांचा घाम, डोक्याचं खोबरेल आणि दुपारच्या झोपा बसलेल्या असतात. हे तेलकट किटण घासलं तर पहिल्या मिनिटाला चकती काळी ठिक्कर होते. म्हणून आधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून काथ्याने घासून घ्या, स्वच्छ पाण्याने पुसा, आणि सावलीत उभी करून चार-पाच दिवस वाळवा. उन्हात आडवी टाकलीत तर वाकेल.

फळी कंबरेच्या उंचीवर घ्या. दोन बाकडी किंवा दोन पिंपं चालतात. खाली जुनं पोतं, म्हणजे हलणार नाही.

पेन्सिलने फळीभर नागमोडी रेघोट्या ओढा, अगदी अलगद. ८० ची चकती लावा. आता सँडर फळीवर ठेवा आणि मगच बटण दाबा. ब्रेक नसलेला तवा हवेत सुसाट फिरतो आणि तसाच लाकडावर टेकला तर चंद्रकोरी पाडतो. थांबवताना उलट: चालू असतानाच वर उचला, मग बंद करा.

हाताचं वजन त्यावर नको. ते जमतंय की नाही हे बघायची युक्ती अशी: तव्याच्या कडेला मार्करने एक ठळक रेघ मारून ठेवा. काम चालू असताना ती रेघ गोल फिरताना दिसली पाहिजे. फिरायची थांबून एका जागी नुसती थरथरायला लागली, की तुम्ही दाबताय. दाबलं की तवा फिरायचा थांबतो, नुसता थरथरतो, आणि लाकडावर डुकराच्या शेपटीसारखे पिळे उमटतात. मला पहिला आठवडा ती रेघ सारखी थांबलेलीच दिसायची. हात सैल सोडायला शिकायलाही वेळ लागतो.

वेग किती? सेकंदाला एक इंच. ऐकायला सोपं वाटतं, पण सगळ्यांचा हात याच्या पाच-दहा पट पळतो. फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला सव्वा मिनिटाच्या आसपास लागलं पाहिजे. दुसरा पट्टा पहिल्यावर अर्धा चढवत घ्या. या हिशेबाने अख्ख्या बाजूचा एक फेरा साधारण बारा मिनिटांचा. पेन्सिलच्या रेघा सगळीकडून पुसल्या गेल्या की तो फेरा पुरा. कुठे राहिल्या असतील तर तिथे खड्डा आहे. त्या जागी थांबून कोरत बसू नका, आजूबाजूसकट पुन्हा फिरवा. खोल खड्डा असेल तर राहू दे. ती कोणीतरी नारळ फोडल्याची खूण असेल.

कडेला आलात की तव्याचा निम्म्याहून जास्त भाग फळीवरच राहिला पाहिजे. बाहेर झुकला की कड गोल होते. आणि गाठ आली की विशेष जपून: गाठ कडक, भोवतालचं लाकूड मऊ, ते आधी झिजतं आणि गाठ टेंगळासारखी वर राहते.

आमची काळी-तपकिरी फळी पहिल्या फेऱ्यानंतर हळदीसारखी पिवळी निघाली तेव्हा सासूबाई दारातून म्हणाल्या, "अगं, ही आपलीच ना?" फणसाचा गाभा ताजा असताना असाच असतो, उजेडात वर्षभरात पुन्हा तांबूस होतो. म्हणून रंग बघून घाबरू नका आणि त्याला वेगळा रंगही देऊ नका.

८० चे दोन फेरे झाले की भुसा कोरड्या ब्रशने पूर्ण झटका. ८० चा एक दाणा जरी राहिला तरी १२० च्या कागदाखाली फिरून तो पुन्हा ओरखडे काढतो. पुन्हा पेन्सिलच्या रेघा, १२० चा फेरा. पुन्हा झटका. मग फळी ओल्या फडक्याने पुसा, पिळून घेतलेल्या, आणि तासभर वाळू द्या. हात फिरवाल तर दाढीचे खुंट वाढल्यासारखी खरखर लागेल: पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहिलेले असतात. आत्ता उभे राहिले तर बरं, नाहीतर पॉलिशच्या ओलाव्याने नंतर उभे राहतील. आता १८० चा एक फेरा, आणि शेवटी १८० चाच कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळून हाताने, रेषेच्या दिशेने, दहा मिनिटं. याच्या पुढे ३२०, ४०० ला जायची काही गरज नाही. लाकूड इतकं गुळगुळीत झालं की तेल प्यायचं बंद होतं.

कोपरे, कडीची भोकं, खालच्या पट्ट्या हातानेच. देव्हाऱ्याची नक्षी, खुर्चीचे कातीव पाय यांनाही मशीन लावू नका. भिंतीच्या पुट्टीलाही नाही. ती पिठासारखी धूळ मोटरमध्ये शिरते आणि स्वस्त मशीन एका खोलीत गार होतं. खिडकीच्या गंजलेल्या गजांना तारेचा ब्रश आणि एमरी पेपर.

फळीला मी जवसाचं तेल लावते, उकळलेलं, हार्डवेअरमध्ये मिळतं ते. फडक्याने पातळ हात, अर्ध्या तासाने जादा तेल पुसून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा, असे तीन हात. आणि इथे एक गोष्ट विसरू नका. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात किंवा भुशाच्या पोत्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेला बोळा कुणी काडी न लावता पेट घेऊ शकतो. तारेवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

आवरताना

मशीनवरचा भुसा रंगाच्या कोरड्या ब्रशने काढा, हवेच्या फटींतून विशेषतः. समुद्राच्या खाऱ्या हवेत भुसा ओल धरतो आणि आतलं बेअरिंग गंजतं. पुढच्या वर्षी चालू केलं की गिरणीसारखा आवाज येतो. चपलांच्या खोक्यातून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या साठवून ठेवा, चार-पाच पुड्यांसकट मशीन झाकणाच्या डब्यात घाला. कागदांनाही तेच. पावसाळ्यात उघडा राहिलेला पॉलिश पेपर पापडासारखा वळतो आणि दाणे गळायला लागतात. आमच्या चकत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, स्वयंपाकघरात, चुलीच्या वरच्या फळीवर असतात. पाहुणे बिस्किटं समजून दोनदा डबा उघडून बसलेत.

कार्बन ब्रश वर्षातून एकदा उघडून बघा. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा आखूड झाले असतील किंवा आत निळ्या ठिणग्या जास्त दिसत असतील तर बदला.

तेलाचा शेवटचा हात दिल्यावर आठवडाभर फळी टांगू नका. टांगली तर कुणीतरी बसणारच, आणि पांढऱ्या लेंग्यावर तेलाचा डाग घेऊन उठणार. आमच्याकडे सहाव्या दिवशी मामंजी बसले.